माझं कुलूप आहे ना

घे, हे माझं कुलूप, ही किल्ली आणि हा माझ्या नंबरचा बिल्ला. सत्तावीस वर्षं या लॉन्ड्रीत घासली, त्यातलं परत करायचं ते एवढंच. थांब, रजिस्टर उघडू नकोस अजून. आधी ती खिडकी लाव. अरे, लाव म्हणतो ना! जेवणाची सुट्टी आहे, अर्धा तास कुणी कुलूप मागायला यायचं नाही, आणि आलंच तर राहील उभं. आज निवृत्त होतोय मी, तेवढा तोरा चालतो.

चहा नको. सकाळपासून सगळ्यांनी पाजून पाजून पोटाची टाकी केलीय. भाषणंही झाली. साहेब म्हणाले, "या माणसाच्या हातून सत्तावीस वर्षांत एक चूक झाली नाही." टाळ्या पडल्या. तूही वाजवलीस, डाव्या हातानं टेबलावर थापा मारून. बाकीचे थांबले तरी तुझी थाप चालूच होती. मी तिथून उठलो तो सरळ इकडे आलो.

ते कटरही खाली ठेव. नियम मला माहीत आहे. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं कुलूप कापायचं, दुसऱ्याला वापरायला द्यायचं नाही. कापू. पण कटरला दोन दांड्या असतात, आणि तू दरवेळी त्यातली एक गुडघ्याखाली दाबून धरतोस, ते मला बघवत नाही. आज एक दांडी मी धरतो. त्याआधी ऐक.

मी पहिलं तेच सांगून टाकतो, नाहीतर इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि भोंगा होईल. नऊ वर्षांपूर्वी इस्त्रीच्या यंत्रात तुझा हात गेला, त्यात तुझी चूक नव्हती. माझी होती. हे मला त्याच दिवशी माहीत होतं, आणि आजपर्यंत मी मूग गिळून बसलो.

बस. खुर्ची ओढ आणि बस. उभा राहू नकोस असा.

आता क्रमानं सांगतो. यातलं निम्मं तुला ठाऊक आहे, तरी सांगतो. मी फिटर माणूस. यंत्र उघडलं की पहिल्या नटापासून सुरुवात करतो, मधूनच हात घातला की हमखास एक वायसर उरतो.

तुला इथे चिकटवलं मी. तुझी ताई मागे लागली होती, "माझ्या भावाला तुमच्या हाताखाली घ्या, दुसरीकडे कुठे तो टिकायचा नाही." मी म्हटलं, का टिकायचा नाही? तर म्हणे, "तो प्रत्येक गोष्ट तपासत बसतो, लोकांना कंटाळा येतो." आणि खरंच की! पहिल्याच आठवड्यात तू माझे आवळलेले नट पुन्हा पाना लावून बघितलेस. माझे! लोकांना काय, हसायला निमित्तच हवं होतं. तुला सगळे 'तपासनीस' म्हणायला लागले. "तपासनीस, माझ्या डब्याचं झाकण लागलंय का बघ रे." तू खरोखर बघायचास. आता हे नाव कुणी घेत नाही. नव्या लोकांना तर ते माहीतही नाही. त्यांना वाटतं तू जन्मापासून विसराळू.

कुलपांचा नियम तू रोज दहा जणांना सांगतोस, तुला मी काय सांगणार. यंत्रात हात घालायचा तर मेन स्विचचा दांडा खाली करायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं, पाच जण असतील तर पाच. काम संपलं की ज्यानं त्यानं आपापलं काढायचं. शेवटचं कुलूप निघाल्याशिवाय दांडा वर जात नाही. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, दुसऱ्याच्या कुलपावर विसंबायचं नाही. सोपं आहे. पोरासोरांनाही कळेल.

त्या दिवशी सकाळी मोठ्या इस्त्रीच्या रोलरचा पट्टा तुटला. हॉस्पिटलच्या चादरी थप्प्या लावून पडल्या होत्या, त्यांची गाडी दुपारी येणार होती. साहेब यंत्रापाशी येऊन घड्याळाकडे बघत उभे. आपण दोघं इथे आलो, या कुलपं अडकवायच्या फळीपाशी. मी माझं कुलूप उचललं. तू खिसे चाचपलेस आणि म्हणालास, "दाजी, किल्ली घरी राहिली." तुझं कुलूप फळीवरच्या कडीत बंद होतं, किल्लीशिवाय निघणार कसं? मी म्हणालो, "राहू दे. माझं कुलूप आहे ना."

एवढंच. माझं कुलूप आहे ना. मग मी दांडा खाली केला, कुलूप लावलं, आणि आपण कामाला लागलो.

तुला यातलं काही आठवत नाही, ते मला माहीत आहे. डॉक्टरांनी मलाच सांगितलं होतं. तुला सकाळी घरी दाढी केलेली आठवते, आणि त्यानंतर एकदम हॉस्पिटलचं छत. मधला तुकडा गेला तो गेला. तो तुकडा फक्त माझ्यापाशी होता. नऊ वर्षं मी तो जपून ठेवला, दुसऱ्याची वस्तू दाबून ठेवावी तसा.

तू यंत्राच्या मागच्या बाजूनं आत शिरलास, पट्टा चढवायला. मी पुढे, मोटारीपाशी. मधे चादरींच्या ढकलगाड्या. तू मला दिसत नव्हतास, मी तुला दिसत नव्हतो. माझं काम आधी झालं. मी फडक्याला हात पुसले, पाने पेटीत ठेवले, पेटी उचलली, मेन स्विचच्या बोर्डापाशी गेलो. खिशातून किल्ली काढली. कुलूप काढलं. दुसरं कुलूप नाही ना, ते बघितलं. नव्हतं. दांडा वर केला. इस्त्रीवाल्या मावशींनी बघितलं, बोर्ड मोकळा आहे, फिटर पेटी घेऊन चाललाय. त्यांनी हिरवं बटण दाबलं.

तू आत आहेस हे मला माहीत होतं का? होतं. मीच पाठवलं होतं. त्या क्षणी माहीत होतं का? नव्हतं. यापलीकडे मला सांगता येत नाही, बाबा. मी कसल्या विचारात होतो, कुणाशी भांडून आलो होतो, असं काहीही नाही. डोक्यात काहीच नव्हतं. अठरा वर्षं काम संपल्यावर हात जे करत होता, ते त्यानं केलं. पेटी उचल, कुलूप काढ, दांडा वर. तुझं कुलूप तिथे असतं तर हात थांबला असता. त्यासाठीच तर ते लावायचं असतं.

मग तुझी किंकाळी आली. ती मी सांगत नाही. ती तुला आठवत नाही हे बरं आहे.

चौकशीला ते जाड चष्म्याचे अधिकारी आले होते. कागदावर प्रश्न लिहूनच आणले होते. "जखमी कामगाराचं स्वतःचं कुलूप लावलेलं होतं का?" नाही. "तुमचं काम संपल्यावर तुम्ही तुमचं कुलूप काढलंत का?" हो. "त्या वेळी बोर्डावर दुसरं कुलूप होतं का?" नाही. "मग तुम्ही दांडा वर केलात?" हो, नियमाप्रमाणे. पाच मिनिटांत आटोपलं. त्यांनी विचारलं तेवढ्याचं मी उत्तर दिलं. एक शब्द खोटा बोललो नाही. 'तुम्ही त्याला काही म्हणालात का?' असा प्रश्न त्या कागदावर नव्हता. आता मी स्वतःहून कशाला सांगू? बाहेर येऊन मी हात धुतले आणि पुन्हा कामाला लागलो.

आठवड्यानं ती नोटीस लागली. 'जखमी कामगाराने स्वतःचे कुलूप न लावल्यामुळे.' काच लावून, बोर्डाशेजारी. नऊ वर्षं येता जाता सगळे वाचतात. तू तर नव्या माणसाला कुलूप देताना आधी तिकडे बोट दाखवतोस, मग शर्टाची बाही वर करतोस, आणि सांगतोस, "मी लावलं नव्हतं." दर वेळी तेच वाक्य, तोच आवाज. मी एकदोनदा इथून जाताना ऐकलंय. मग मी रस्ता बदलला. पलीकडच्या दारानं जायला लागलो, लांब पडतं तरी.

हां, ती नोटीस आता तिथे नाही. बघून ये हवं तर. सकाळी मी स्क्रू काढून उतरवली. ही बघ, खिशात आहे. काच पेटीत आहे, फुटली नाही.

का आत्ता, असंच विचारणार ना? शेवटच्या दिवशी शूरपणा आलाय म्हाताऱ्याला, आता कुणी काय वाकडं करणार! विचार. बरोबरच आहे. नोकरी असताना सांगायची छाती नव्हती माझी. सुरुवातीला घाबरलो की नोकरी जाईल. मग घाबरलो की तुझी ताई घर सोडून जाईल. मग इतकी वर्षं झाली की, आतापर्यंत का नाही सांगितलं याचंच उत्तर द्यावं लागेल, म्हणून घाबरलो. भीती तीच होती, कारण तेवढं बदलत राहिलं.

तुला वाटत असेल, दाजी नऊ वर्षं आतल्या आत जळत असतील. नाही रे. तेच सांगायला आलोय. तीन महिने झोप लागली नाही, जेवण गेलं नाही, हे खरं. मग लागायला लागली. मी मनाशी म्हटलं, चूक झाली, ती सवयीनं झाली, मुद्दाम कुणी करत नाही, माणूस आहे. आणि खरं सांगतो, पटलं मला. मी स्वतःला माफ करून मोकळा झालो. सिनेमे बघितले, हसलो, वजन वाढलं. तू रविवारी जेवायला यायचास तेव्हा तुझ्या समोर बसून मी दोनदा वाढून घ्यायचो. तुझ्या रिकाम्या बाहीकडे बघून मला काही व्हायचं नाही. एखाद्याचं टक्कल बघावं, तसं. सवय झाली होती.

मला काय व्हायचं ते तुझ्या ताईच्या बोलण्यानं. तिनं तुला कडेवर वाढवलेलं. जीव टाकते तुझ्यावर, म्हणून तोंडही तुझ्यावरच सोडते. "नळ बंद केलास ना? दाराला कडी लावलीस ना? नाहीतर आहेच तुझं ते." ताटातलं बारीक करून देते आणि वरून म्हणते, "त्या दिवशी एवढीशी किल्ली नीट सांभाळली असतीस तर आज ही पाळी आली नसती माझ्या भावावर." तू मान खाली घालून "हो ताई" म्हणतोस. मी शेजारी बसून पाणी पितो. दर रविवारी, नऊ वर्षं. किती रविवार झाले बघ.

आणि तुझं ते तपासणं! आधी तपासायचास ते हौसेनं. आता गॅस बंद केल्यावर तीनदा मागे फिरतोस आणि तरी तुला खात्री वाटत नाही. आमच्या पोरीला, ती चार वर्षांची होती तेव्हापासून, तू कधी रस्ता ओलांडून नेलं नाहीस. "दाजी, तुम्ही न्या, माझा भरवसा नाही." ती आता तेरा वर्षांची झाली. परवा ती तुलाच हाताला धरून पलीकडे घेऊन गेली, बघितलं मी गॅलरीतून.

हॉस्पिटलातल्या त्या नर्सचंही तसंच. चांगली मुलगी होती. हात नाही हे तिला कुणी सांगायला नको होतं, पट्ट्या तीच बदलत होती. ती लग्नाला तयार होती, ताई तयार होती, मी बैठकीची तारीखसुद्धा बघितली. आणि तूच नाही म्हणालास. "ज्याला स्वतःचा जीव सांभाळता आला नाही, त्यानं दुसऱ्याचा कशाला मागायचा?" मला पाठ आहे ते वाक्य. आमच्या स्वयंपाकघरात बोललास, ओट्याला टेकून. मी दारात उभा होतो. तेव्हा सांगायला हवं होतं. एकदा तोंड उघडलंही होतं. मग विचारलं, "चहा घेणार का?"

हे तुला ऐकायला कसं वाटत असेल, कल्पना आहे मला. उठून कानाखाली वाजव, मी हलणार नाही.

बरं, नको वाजवूस. पुढचं ऐक.

गेल्या गुरुवारी मी निवृत्तीचा अर्ज भरायला इथे आलो होतो, आठवतं? तू आत अर्ज शोधत होतास. रजिस्टरखालून एक वही डोकावत होती. मला वाटलं जुनं रजिस्टर, म्हणून ओढली. तुझी वही. गुरुवारी त्या समुपदेशनाच्या बाई येतात ना, मनातलं बोला म्हणणाऱ्या, त्यांनी लिहायला सांगितलेली असणार. रोज एक ओळ. 'मी स्वतःला माफ करतो.' डाव्या हाताचं अक्षर, पहिल्या पानांवर अगदी कोंबडीचे पाय, मग सुधारत गेलेलं. पानंच्या पानं, बाबा. आणि बऱ्याच ठिकाणी 'करतो' खोडून वर लिहिलंय, 'करायचा प्रयत्न करतो.' आदल्या दिवशीच्या तारखेला नुसतंच खोडलं होतं. वर काही लिहिलं नव्हतं.

वाचायला नको होती, कबूल. पण वाचली.

मला तिथे उभ्या उभ्या लाज वाटली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. हात गेला त्याची नाही, ती चूक होती, ती मी पचवली होती. ज्यानं केलं तो तीन महिन्यांत मोकळा झाला आणि ज्यानं केलंच नाही तो अजून स्वतःची माफी मागतोय! आणि मिळणार कशी तुला ती? जे केलंच नाहीस त्याची माफी कितीही वेळा लिही, पुरी पडणार नाही. मला सोपं गेलं, कारण मी काय केलं ते मला माहीत होतं. तुझ्यापासून मी तेवढंच काढून घेतलं होतं.

तर हे सगळं असं आहे. सुट्टीनंतर मी साहेबांकडे जाऊन लिहून देणार आहे. एकही चूक झाली नाही म्हणाले ना, त्यांना एक दाखवतो. पुढे ते काय करायचं ते करोत. तुझ्याकडे मी माफी मागत नाहीये, हे लक्षात ठेव. मागितली तर तू देशील. तुझा स्वभाव तसा आहे, आणि मग आपण दोघं चहा पिऊ. मला ती नकोय. तू फक्त ती ओळ लिहिणं बंद कर.

झालं माझं सांगून. आण ते कटर. घे एक दांडी.

काय?

मोठ्यानं बोल, बाहेर वाफेचा आवाज आहे.

हं. 'मी किल्ली आणायला जातो म्हणालो होतो का?'

हात्तिच्या. मघापासून सगळं ऐकून घेतलंस, शिवी नाही, ओरडणं नाही, आणि विचारलंस ते हे. तपासनीस तो तपासनीसच. नेमका त्याच नटाला पाना लावलास जो मी नुसता बोटानं फिरवून सोडला होता.

सांगणार नव्हतो. वाटलं, एवढं सांगितलं ते पुरे, हे वगळलं तर कुणाचं काय बिघडतं. बघ म्हणजे, आज, इथे बसूनसुद्धा!

म्हणालास. "दाजी, किल्ली घरी राहिली, सायकलवर जाऊन आणतो, वीस मिनिटं लागतील." नुसतं म्हणाला नाहीस, निघालासच. सायकलची किल्ली काढलीस आणि दारापर्यंत गेलास, तो लोखंडी दरवाजा आहे ना, तिथवर. एक पाय बाहेर होता. मी हाक मारली. "अरे कुठे निघालास? माझं कुलूप आहे ना!" तू परत आलास. आणि पुन्हा म्हणालास, "दाजी, नियम आहे. आपलं कुलूप नाही तर आत जायचं नाही. मी पटकन येतो." साहेब ऐकत होते. इस्त्रीवाल्या मावशी ऐकत होत्या, आणि त्या हसल्या. मला ते झोंबलं. माझा मेहुणा, मी नोकरीला लावलेला, चार लोकांत मला नियम शिकवतो! मी म्हणालो, "एवढा माझ्यावर भरवसा नाही का तुझा?"

मग तू सायकलची किल्ली खिशात टाकलीस आणि गेलास आत.

हो. दोनदा म्हणालास. दोन्ही वेळा मी अडवलं. साहेबांनीही ऐकलं होतं, तेही गप्प बसले, पण त्यांचं ते बघतील. तू विसराळू नव्हतास. किल्ली घरी राहिली असेल, ती कुणाचीही राहते, माझीही दहादा राहिली. पण ती नाही म्हणून तू थांबला होतास. त्या दिवशी तिथे जे जे होते, त्यात शहाणपणानं वागलेला माणूस एकच, आणि तो तू.

रडतोयस का हसतोयस, कळत नाहीये मला. काहीही कर. मी इकडे भिंतीकडे बघतो.

माझं? नाही, मला रडू येत नाही.

काय म्हणालास, ताईला? आज? नाही, साहेबांचं आधी... बरं. बरं, आधी ताईला. घरीच आहे ती, मी आज लवकर येणार म्हणून बसली असेल वाट बघत. तू येतोस बरोबर? नको. एकट्यानंच सांगायचं. तेही बरोबर आहे. आणि दारापर्यंत गेल्याचंही सांगायचं. सांगेन. दोन्ही वेळचं सांगेन.

आणि कुलूप? घे ना हे जमा करून. ताईला सांगून आल्यावर? अरे, पण तुझी सही नाही तर माझा कागद पुढे जायचा नाही, म्हणजे मी निवृत्तच झालो नाही की! बाहेर मघाशी हार घालून मोकळे झाले सगळे. नियम म्हणजे नियम, असं? तू ना, सुधारायचा नाहीस. दे इकडे कुलूप. खिशात ठेवतो. उद्या येतो, तेव्हा कापू, दोघं मिळून.

भोंगा झाला. खिडकी उघड, लोक येतील.

आता वही कशाला काढलीस? ती बंद कर म्हणालो ना मी. लिही बाबा, लिही, तुझी वही आहे. मी वाचत नाही. वाचू म्हणतोस? चष्मा कुठे गेला... हं. 'मी किल्ली आणायला निघालो होतो.'

अक्षर चांगलं आलंय तुझं.

दारापर्यंत गेला होतास. तेही लिही.